दाफिनावहिनीची उत्तरेची काच

नारिंगी! चार मजली भिंत, वरपासून खालपर्यंत नारिंगी, आणि मधे मधे पोपटी चौकोन. ज्यांनी कुणी हा रंग पसंत केला त्यांचे हात... जाऊ दे, सकाळी सकाळी तोंडातून वाईट निघायला नको. पण ती भिंत दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि दीड वर्ष झालं तरी ती खाली उतरलेली नाही.

मी गेत्सो. काचा बसवतो, म्हणजे बसवायचो. इथे बल्गेरियात, आमच्या ग्लोगिनो गावात ज्या खिडकीची काच वाऱ्याला अजून खुळखुळत नाही ती माझ्या हातची, हे कुणीही सांगेल. आणि जिच्यासाठी मी हे सांगायला बसलोय ती दाफिना बोझदुगानोवा, माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ तान्यो जाऊन वीस वर्षं झाली. वहिनी फोटोग्राफर आहे. वय एकाहत्तर, बुटकी, डाव्या खांद्यात वाकलेली, आणि माझ्यापेक्षा तापट. मी ओरडतो आणि ती ओरडत नाही, एवढाच काय तो फरक.

आधी ती चौकातल्या सरकारी फोटोकेंद्रात होती. अठरा वर्षं. तिथे चार दिवे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आणि चारही थेट तोंडावर. नवरी असो, नुकती बाळंत झालेली असो, ओळखपत्राला आलेला गवंडी असो, फोटोत सगळे पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसायचे. वहिनी घरी येऊन चडफडायची. "भावजी, आज परत आठ जणांची तोंडं भाजून आले," म्हणायची, आणि चपला भिरकावून द्यायची. सरकार बदललं, केंद्राला कुलूप लागलं. बाकीच्या बाया रडल्या. ही घरी आली आणि तान्योला म्हणाली, "परसातली तंबाखूची शेड मला द्या. मी स्टुडिओ बांधते. एकही दिवा नसलेला."

ती शेड आमच्या बाबांची, तंबाखूच्या माळा वाळवायची. आता कुणी म्हणेल, शेड मिळाली, लगेच काम सुरू केलं असेल. डोंबल! बाईने शेडमधे एक तिपाई ठेवली, तिपाईवर मीठ पसरून त्यात एक उकडलेलं अंडं उभं केलं, आणि वर्षभर त्या अंड्याकडे बघत बसली. आज इथलं कौल काढ, उद्या तिथली फळी काढ, तिपाई चार पावलं सरकव, परत बघ. सकाळी नऊला, दुपारी, चारला. वहीत लिहायची. गल्लीत बोभाटा झाला की नोकरी गेली आणि तान्योची बायको अंडं उबवायला बसली. मीही हसलो त्या वेळी. खोटं कशाला बोलू?

एकदा मला ओढून आत नेलं. "सावलीची कड बघा भावजी. सुरीने कापल्यासारखी दिसते ना? असा उजेड असला की तोंड दगडाचं होतं. आता इथून बघा." तिपाई फिरवली. अंड्याची उजेडाची बाजू कुठे संपली आणि सावलीची कुठे सुरू झाली ते मला सांगता येईना. "अस्सा पाहिजे," ती म्हणाली. तेव्हापासून मी हसणं बंद केलं.

मग काचेवरून भांडण. मी म्हटलं, "दक्षिणेला काच घालू, दिवसभर ऊन येईल."

"ऊन कुणाला पाहिजे?"

"तुम्हीच तर म्हणता उजेड, उजेड."

"उजेड म्हणाले. ऊन नाही म्हणाले. ऊन आलं की माणूस डोळे बारीक करतो, नाकाखाली मिशी पडते, आणि दर दहा मिनिटांनी सगळं हललेलं असतं. उत्तरेचं आभाळ आपल्या जागी असतं. काच उत्तरेला. आणि उभी नको, तिरपी. छपरापासून खाली येऊ दे."

मी छत्तीस तावदानं काच कापायच्या हिरकणीने कापली, लाकडी चौकटीत बसवली, कडांच्या फटींत लांबी भरली, पार जमिनीपर्यंत खाली आणली. झकास दिसत होतं. वहिनी आली, बघितलं, म्हणाली, "खालच्या दोन ओळी काढा आणि विटा घाला. छातीएवढ्या." मी असा भडकलो! बारा तावदानं! ती शांतपणे म्हणते, "खालून उजेड आला की हनुवटी चमकते आणि डोळे विहिरीत जातात. लोकांना त्यांच्या हनुवटीचा फोटो नको असतो." काढली मी बारा तावदानं. काय करतो! आतल्या भिंतींना पांढरा द्यायला गेलो तर तिथेही अडवलं. चुलीतल्या राखेचा रंग हवा होता तिला, म्हणजे काचेतून आलेला उजेड चारी बाजूंनी उसळून तोंड सपाट करणार नाही. पडद्याला दोन चादरी, एक पांढरी, एक काळी रंगवलेली, दोऱ्यांवर सरकणाऱ्या. एवढाच तिचा संसार.

पण एक गोष्ट राहिली होती. परसाच्या उत्तरेला, तीस पावलांवर, आमची इमारत. चार मजली, चोवीस घरांची. मीही तिथेच राहतो, तिसऱ्या मजल्यावर. तिची आंधळी भिंत, एकही खिडकी नसलेली, बरोबर वहिनीच्या काचेसमोर येते. भिंतीचं तोंड दक्षिणेला, म्हणजे सूर्य दिवसभर तिच्यावर, आणि तिच्यावरचा उजेड परत फिरून वहिनीच्या काचेत. भिंत होती मळकट सिमेंटची, त्यामुळे दुपारनंतर म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं यायची. वहिनी म्हणाली, ही पांढरी करू. तेव्हाच्या इमारत-प्रमुखाला विचारलं तर तो हसून म्हणाला, "करा बाई, हवी तर चाटा." ईस्टरच्या आधी सगळं गाव फळझाडांच्या बुंध्यांना चुना लावतं, त्याच आठवड्यात मी आणि वहिनी त्या भिंतीला चुना लावायला लागलो. शिडी पोचेल तिथपर्यंत, दोन मजले. असे अठ्ठावीस वसंत. शिडी मी धरायचो, वर ती जायची, कारण माझा हात तिला जाड वाटायचा.

आणि मग लोक यायला लागले. आजूबाजूच्या अकरा खेड्यांतून. शाळा संपवून निघालेल्या पोरी नव्या झग्यात, साखरपुडा झालेली जोडपी, दात नसलेली बाळं आणि दात नसलेल्या आज्या. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं निधनपत्रक छापतात, दारावर लावतात, बस थांब्यावर, विजेच्या खांबावर. चाळिसाव्या दिवशी परत, सहा महिन्यांनी परत, मग दर वर्षी. म्हणजे जिवंतपणी चौकात जेवढं तोंड दिसलं नसेल तेवढं मेल्यावर दिसतं. त्यामुळे शहाण्या बाया आधीच फोटो काढून ठेवतात. खालच्या गल्लीतली पेना म्हातारी आली होती, मी तेव्हा आत तावदान बदलत होतो. चांगली ब्लाऊज घालून बसली आणि म्हणते, "दाफिने, असा काढ की ती स्तोइल्का बस थांब्यावर बघेल आणि तिची बस चुकेल." वहिनीने काढला. पेना अजून जिवंत आहे, स्तोइल्का गेली, आणि पेना म्हणते फुकट गेला फोटो.

लोक वहिनीला निधनपत्रकवाली म्हणायला लागले. ते तिला मुळीच आवडायचं नाही. "मी मेलेल्याचा फोटो आजवर काढलेला नाही," म्हणायची. "माझ्यासमोर खुर्चीत जे बसलं ते जिवंत होतं. पुढे घरच्यांनी कात्री लावून कुठे चिकटवलं तो त्यांचा प्रश्न." तिला अभिमान होता तो रंगाचा. पोरींच्या गालाचा रंग, कानाच्या पाळीचा रंग. शहरातल्या दुकानात तो येत नाही आणि माझ्याकडे येतो, एवढी एकच बढाई मी तिच्या तोंडून ऐकली.

तर अशी ती भिंत. आणि परवाच्या शरदात इमारतीला परांची लागली. सगळ्या बल्गेरियात लागतायत, थर्मोकोलच्या पाट्या ठोकायच्या, वरून गिलावा, हिवाळ्यात घर गरम. गरम तर गरम, माझी ना नव्हती. एका सोमवारी सकाळी परांचीवरची जाळी उतरवली आणि भिंत नारिंगी निघाली.

त्या दिवशी वहिनीकडे वरच्या खेड्यातलं एक बाळ आलं होतं, बाप्तिस्म्याच्या फोटोसाठी. तिने फोटो काढला, कॅमेऱ्याच्या मागे बघितलं, परत काढला, मग बाळाच्या आईला म्हणाली, "आज नाही होणार. बाळ रडतंय." बाळ हसत होतं. मी दारात उभा, मला बोलावून तिने तो फोटो दाखवला. बाळाचा डावा गाल भाजलेल्या भोपळ्यासारखा, आणि कपाळ, जिथे आभाळाचा उजेड पडतो, ते निळसर. एकाच एवढ्याशा तोंडावर दोन रंग.

"कॉम्प्युटरवर काढता येतो ना रंग?" मी विचारलं.

"नारिंगी काढला की कपाळ हिरवं होतं. कपाळ नीट केलं की गाल पेटतो. दोन दिवस बसले तर एक फोटो होईल, आणि तोही मेणाचा." तिने काळी चादर ओढून बघितली. नारिंगी गेला, पण त्याबरोबर उजेडही गेला, बाळाची अर्धी बाजू अंधारात. पांढरी चादर ओढली तर चादरच नारिंगी झाली.

मी तसाच वल्चोकडे गेलो. वल्चो आमचा हल्लीचा इमारत-प्रमुख, पन्नाशीचा, कुठलीही गोष्ट सांगताना दार अडवून उभा राहणारा.

"ती आंधळी भिंत पांढरी करून दे. परांची शुक्रवारपर्यंत आहे. एका दिवसाचं काम."

"गेत्सोकाका, आराखड्यावर शिक्का बसलाय. एक भिंत पांढरी आणि तीन नारिंगी, म्हणजे ठिगळ लावलेली विजार दिसेल."

"कुणाला दिसेल? तुझ्या चोवीस घरांतल्या एका तरी खिडकीतून ती दिसते का?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुझ्या तत्त्वाला आग लागो! अरे, माझ्या वहिनीचं पोट आहे ते!"

तेव्हा तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. हसून म्हणाला, "दाफिनामावशीला रंग लागतो कशाला? निधनपत्रकं काळी-पांढरीच तर असतात."

माझा हात उठला होता. पण मागे त्याची आई कॉफी घेऊन उभी होती, आणि तिच्यामागे कपाटावर वल्चोच्याच लग्नाचा फोटो, वहिनीने काढलेला, नवरीच्या कानाच्या पाळीसकट. मी हात खाली घेतला. वल्चो म्हणाला, "हवं तर सोळा सह्या आण. दोन तृतीयांश. मग मी ठेकेदाराशी बोलतो."

चार दिवस मी जिने चढलो उतरलो. एकोणसत्तर वर्षांचा गुडघा! प्रत्येक घरात कपाटावर, टीव्हीवर, देवाच्या चित्राशेजारी वहिनीचे फोटो. आणि त्या फोटोंखाली बसून हे लोक मला सांगतात, "वाईट वाटतं रे गेत्सो, पण आता काम लांबलं तर थंडी येईल." एकजण म्हणाली, "मला नारिंगी आवडतो, सूर्यासारखा आहे." एकजण म्हणाला, "दाफिनाने जागा बदलावी, शेडच तर आहे." शेड! अठ्ठावीस वर्षं या लोकांच्या सुरकुत्यांना जिने मान दिला, तिची शेड! गुरुवारी संध्याकाळपर्यंत अकरा सह्या झाल्या. पाच कमी.

शुक्रवारी सकाळी परत वल्चोच्या दारात. भांडायलाच गेलो होतो. "हा रंग ठरवला कुणी? कुठे आहे तो कागद? कोण कोण गाढव होते मला बघू दे!"

वल्चोने फाईल आणली. रंगाच्या पसंतीची यादी. वर ठळक अक्षरांत भिंतींचा रंग लिहिलेला, शेजारी नारिंगी आणि पोपटी चौकोन छापलेले. खाली सह्या. मी बोटाने एकेक नाव वाचत चाललो, प्रत्येकाला एक शिवी देत. सतराव्या ओळीत माझी सही होती.

सप्टेंबर होता तेव्हा. तीन पोती लाल, गोड्या, जाड मिरच्या आणल्या होत्या. आमच्याकडे सप्टेंबरात गॅलरीत भाजायचं यंत्र लावलं की माणूस दुसऱ्या कशाचा राहत नाही, मिरची आत टाक, बाहेर काढ, साल सोल, बरण्या भर. एक मिनिट पाठ फिरवली की कोळसा. तेवढ्यात दार वाजलं. वल्चो कागद घेऊन उभा. मी म्हटलं, "गरम होण्याचं ना? हो हो, आण." काळ्या हाताने पेन धरलं, भिंतीला कागद टेकवला, सही केली आणि पळालो. कागदावर सालीचा डाग अजून आहे, माझ्या नावाशेजारी.

"तुझीच सही सोळाच्या वर गेलेली पहिली आहे, काका," वल्चो म्हणाला, "पण सोळानेही झालंच असतं." हे त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. मला त्याचं नरडं धरावंसं वाटलं. स्वतःचं कसं धरतात ते मला माहीत नव्हतं.

परांची उतरली. एका रविवारी मी एकटाच चुन्याची बादली घेऊन भिंतीच्या एका कोपऱ्याला लावायला गेलो. त्या नव्या गिलाव्यावर चुना धरतच नाही, पहिल्या पावसात ओघळून खाली आला. वल्चोने जिन्यात नोटीस लावली की भिंतीला कुणी हात लावला तर दहा वर्षांची हमी रद्द. मी ती फाडली. त्याने परत लावली. वहिनीला मी वल्चोबद्दल, ठेकेदाराबद्दल, पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत सगळ्यांबद्दल सांगत राहिलो, तावातावाने, सगळा हिवाळा. सतराव्या ओळीबद्दल एक अक्षर नाही. ती ऐकायची, चहा द्यायची, माझ्या कपात राकिया, जर्दाळूची दारू, ओतायची. तिच्याकडे आता म्हाताऱ्याच तेवढ्या येत होत्या. त्यांचे ती काळे-पांढरे काढायची.

मे महिन्यात माझी नात बोर्याना शाळा संपवून बाहेर पडली. झगा हिरवा, पाठीवर फिती, केस वर बांधलेले. लहानपणापासून तिचं ठरलेलं, त्या दिवशीचा फोटो दाफिनाआजी काढणार. तिच्या आईचा तिनेच काढला होता, तिथेच, त्याच खुर्चीत. मी नको म्हणायला पाहिजे होतं. पण म्हटलं नाही. मला वाटलं, नातीसाठी वहिनी काहीतरी करेल.

अकरा वाजता ती आत उभी राहिली. बाहेर लख्ख ऊन, भिंत पेटल्यासारखी. वहिनीने तिला खिडकीपासून लांब नेलं, जवळ आणलं, पाठमोरी केली, एक चादर ओढली, दोन्ही ओढल्या. कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला. परत लावला. वीस मिनिटं गेली असतील. एकदाही बोट दाबल्याचा आवाज आला नाही.

"शहरात जा बाळा," ती म्हणाली. "आज दुपारीच जा, झगा चुरगळायच्या आत. माझ्याकडे होत नाही."

बोर्याना म्हणाली, "काळा-पांढरा काढ ना आजी. मला चालेल. छान दिसतो तो पण."

"नाही. तू अठरा वर्षांची आहेस."

पोरगी रडली नाही. तिने वहिनीच्या गालाची पापी घेतली, झगा दोन्ही हातांनी उचलला आणि बाहेर गेली. परसात तिच्या मैत्रिणी थांबल्या होत्या. त्यांनी तिला त्या नारिंगी भिंतीसमोरच उभी केली आणि फोनवर फोटो काढायला लागल्या. सगळ्या खिदळत होत्या.

आता माझ्याने राहवेना. "वहिनी, त्या यादीत माझी सही आहे. मिरच्या भाजत होतो, वाचलं नाही."

"सतरावी," ती म्हणाली. ती चादरी सरकवत होती. "वल्चोने पहिल्याच दिवशी दाखवली होती मला."

"आणि सगळा हिवाळा तुम्ही मला बोलू दिलंत? मी सगळ्या गावाला शिव्या देत होतो आणि तुम्ही चहा ओतत होतात?"

"ओतत होते."

"मग द्या ना मला शिव्या! तोंड भरून द्या! थोबाडीत मारा! वल्चोला तर चौकात उभं करून चार माणसांत बोललात तुम्ही, मी ऐकलंय. मला का नाही?"

वहिनीने कॅमेऱ्याच्या भिंगाला टोपण लावलं.

"वल्चोने वाचून सही केली होती, भावजी," ती म्हणाली. "त्याच्याशी मला भांडता येतं."

आणि बाहेर जाऊन तिने बोर्यानाच्या मैत्रिणींना सांगितलं, पोरींनो, भिंतीपासून दूर उभ्या राहा, तिच्या तोंडावर रंग येतोय.